शॉकअपचे सील आणि घरची हत्यारे

मंडळी, आज मोटारसायकलच्या पुढच्या शॉकअपविषयी बोलू. कामतघरात पुष्कळांच्या दारात गाडी उभी असते. पावसात खड्डे, चिखल हे आलेच. मग एक दिवस शॉकअपच्या दांडीवर तेलाचा ओघळ दिसतो. आपण चिंधीने पुसतो आणि निघतो. तसं करू नका. ते तेल ब्रेकवर उतरलं तर ब्रेक धरत नाही. मागे पोर बसलेलं असतं, समोरून ट्रक येतो.

आत काय आहे ते बघा. चकचकीत नळी खालच्या जाड नळीत वरखाली होते. आत स्प्रिंग आणि तेल. जाड नळीच्या तोंडाशी रबराचे कडे असते, तेच सील. चिखल वाळला की त्याची कच या रबराचा ओठ कापते. तेल भरलेला असा शॉकअप जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीने १९३५ साली आपल्या गाडीला बसवला. तेव्हापासून रीत तीच आहे.

आता हत्यारे. मागाच्या जॉबरच्या पेटीतली बरीच चालतात. पाने, एलन की, पक्कड, पेचकस, हातोडी. इंजिनाखाली द्यायला भक्कम लाकडी ठोकळा हवा, पुढचे चाक अधांतरी राहिले पाहिजे. तेल मोजायला औषधाची, आकडे असलेली पिचकारी घ्या. सील ठोकायचे खास नळकांडे बाजारात मिळते, पण प्लॅस्टिकच्या पाइपाचा तुकडाही चालतो. तो चकचकीत नळीवरून सहज सरकावा आणि सीलच्या काठावर बसावा, एवढंच.

डिस्क ब्रेक असेल तर तो सुतळीने वर बांधून ठेवा, नळीवर लोंबकळत सोडू नका. चाक काढलेले असताना ब्रेकचा दांडा दाबायचा नाही.

शॉकअपचे वरचे बूच मात्र जपून काढा. खाली स्प्रिंग दाबलेली असते, बूच उडते. तोंड बाजूला ठेवा, तळहाताने दाबून शेवटचे आटे हळू सोडा. मग धुळीचे रबर आणि तारेचे लॉक काढा. जुने सील उचकताना पेचकसाने नळी ओरखडली, तर नवे सीलही गळेल. पेचकसाखाली चिंधी ठेवा.

नवे सील सरकवताना नळीच्या टोकावर प्लॅस्टिकची पिशवी घाला आणि तेल लावा. कडेने ओठ कापत नाही. बारीक स्प्रिंग दिसते ती बाजू खाली, तेलाकडे. तुकडा ठेवून चहूबाजूंनी सारखे ठोका.

तेल किती? गाडीच्या पुस्तकात आकडा छापलेला असतो. आता तुम्हाला वाचता येतं, तेव्हा दुकानदाराला विचारू नका, स्वतः बघा. दोन्ही बाजूंना सारखेच भरा. जुने तेल डब्यात धरून भंगारवाल्याला द्या, वऱ्हाळदेवी तलावाकडे जाणाऱ्या गटारात नको.

नळी गंजून खडबडीत झाली असेल किंवा वाकली असेल, तर सीलवर पैसे घालू नका, मिस्त्रीकडे न्या. ब्रेकच्या पट्ट्या तेलात भिजल्या असतील तर त्याही बदला. सगळं जोडलं की पुढचा ब्रेक धरून गाडी दहाबारा वेळा खाली दाबा. नळी कोरडी राहिली तरच रस्त्यावर काढा, आणि पहिली फेरी गल्लीतच मारा.