स्वस्त गुंठा, महाग घर
(खर्डा येथे कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



खर्ड्याचे नाव शाळेच्या पुस्तकात येते ते ११ मार्च १७९५ च्या लढाईमुळे. त्या वेळी पुण्याच्या फौजा खर्ड्याला आल्या होत्या. आज ओघ उलटा आहे. खर्डा आणि सारा जामखेड तालुका पुण्याकडे चालला आहे. फौजेसारखा एकदम नव्हे, तर एकेक कुटुंब करून, एक पेटी, गॅसची शेगडी आणि अंथरुणाची वळकटी घेऊन. ही माणसे का जातात याची चर्चा आपण अनेकदा केली आहे. जमीन जिरायत, पाऊस बेभरवशाचा. उसाच्या फडावर सहा महिने कोयता घेऊन हिंडण्यापेक्षा रांजणगावच्या एखाद्या कारखान्यात, ठेकेदाराच्या हाताखाली का होईना, बारमाही काम बरे, असे तरुणांना वाटते. जातीचा काच सुटावा म्हणून जाणारेही आहेत. खर्ड्यात ते फोड करून सांगण्याचे कारण नाही. मला आज बोलायचे आहे ते त्यापुढच्या प्रश्नावर. गेल्यावर राहायचे कोठे?

हा प्रश्न ज्याच्या त्याच्या घरचा, त्यात पक्षाने काय सांगायचे, असे काहींना वाटेल. परंतु श्रमिक कुटुंबाच्या आयुष्यातला सर्वांत मोठा व्यवहार हाच असतो. बियाण्याच्या पिशवीवर पाच रुपये जास्त घेतले तर आपण तहसील कचेरीवर मोर्चा नेतो. पण वीस वर्षांची कमाई आणि गावची जमीन एका कागदावर सही करून निघून जाते, तेव्हा त्या कुटुंबाच्या शेजारी आपल्यापैकी कोणी उभा नसतो. उभा असतो तो दलाल. बहुधा तो आपल्याच तालुक्यातला, नात्यातला किंवा ओळखीतला असतो, आणि म्हणूनच त्याच्यावर विश्वास बसतो.

उपनगर निवडले कसे जाते ते पाहा. आपल्याकडची माणसे नगर रस्त्याने पुण्यात उतरतात. म्हणून शिक्रापूर, सणसवाडी, वाघोली, चंदननगर ही नावे आपल्या तोंडी बसली आहेत. जिथे गावाकडची एसटी पकडता येते आणि जिथे आधीच गेलेला चुलतभाऊ राहतो, तिथे खोली घ्यायची. यात शहाणपण नाही असे मी म्हणणार नाही. आजारपणात शंभर रुपये उसने देणारा माणूस शेजारी असणे ही मोठी सोय आहे. पण काम भोसरीला आणि खोली वाघोलीला असे झाले की त्या सोयीची किंमत रोज मोजावी लागते.

ती किंमत आपण प्रत्यक्ष मोजून पाहू. समजा एका कुटुंबाने शहराजवळची आठ हजार भाड्याची खोली सोडून लांबची पाच हजारांची घेतली. महिन्याला तीन हजार वाचले, असे वाटते. घरातली दोन माणसे कामाला जातात. पुण्याच्या पीएमपी बसचा मासिक पास १ जून २०२५ पासून नऊशेचा पंधराशे रुपये झाला. दोन पासांचे तीन हजार. वाचलेले सगळे बसला गेले, आणि दोघांचे रोजचे दोन-तीन तास गेले ते वेगळेच. त्यात त्या घरातील बाई जर चार घरची धुणीभांडी करणारी असेल, तर लांबच्या माळावर तिला कामच मिळत नाही. हिशेब मांडताना पुरुष नेहमी स्वतःच्या कामाचे अंतर मोजतो. बाईची बुडालेली मजुरी कोणी भाड्यात मिळवत नाही. माझे म्हणणे असे की भाडे, भाडेखर्च आणि बाईचा रोजगार हे तीन आकडे एकाच कागदावर मांडल्याशिवाय कोणत्याही उपनगराला स्वस्त म्हणू नये.

चौथी गोष्ट पाण्याची. ३० जून २०२१ रोजी पुणे महापालिकेत तेवीस गावे घेण्यात आली. वाघोली त्यांत होती, सिंहगड रस्त्यावरील नांदेड आणि किरकटवाडी होती. कर महापालिकेचा झाला, नळ मात्र मागे राहिला. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात गुइलेन-बॅरे हा मज्जातंतूंचा आजार पसरला, तेव्हा सर्वाधिक रुग्ण याच नांदेड-किरकटवाडी भागातले होते. तिथे विहिरीचे पाणी केवळ क्लोरीन टाकून, गाळण प्रकल्पावाचून, घरोघरी दिले जात होते. उंच इमारती, चकचकीत फाटके आणि आत हे पाणी! वाघोलीतल्या कित्येक इमारतींना टँकरचे पाणी विकत घ्यावे लागते. टँकरची वाट पाहण्याला कंटाळून जो जामखेड तालुका सोडतो, त्याने पुण्यात जाऊन पुन्हा टँकरचीच वाट पाहावी, आणि वर त्याचे पैसे मोजावेत, हा कसला विकास?

आता गुंठ्याविषयी. भाड्याला कंटाळलेला माणूस चार-पाच वर्षांनी गुंठा शोधू लागतो. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने शेतजमिनीचा प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकडा विकण्यास बंदी घातली. हेतू चांगला होता. शेतीचे तुकडे होऊ नयेत. पण शहराच्या कडेला त्या बंदीतून एक नवीनच धंदा निघाला. अकरा गुंठे जमीन दहा-अकरा अनोळखी माणसांच्या नावावर एकत्र विकायची, सातबारा सामाईक, आणि प्रत्येकाला चुन्याची रेघ मारून आपापला तुकडा दाखवायचा. ती रेघ कोणत्याही नकाशात नसते. रस्ता म्हणून दाखवलेली वाट कोणाच्याच नावावर नसते. आणि जिथे तेवढाही कागद होत नाही, तिथे नोटरीच्या शिक्क्यावर किंवा कुलमुखत्यारपत्रावर व्यवहार होतो. शासनाने २००१ मध्ये गुंठेवारीचा कायदा करून अशी बांधकामे नियमित करण्याची सोय केली, २०२१ मध्ये तिची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांपर्यंत वाढवली, आणि २०२५ मध्ये अध्यादेश काढून तुकड्यांचे जुने व्यवहारही शुल्क न घेता नियमित करण्याची वाट मोकळी केली. अडकलेल्या कुटुंबांना यातून दिलासा मिळेल, त्याचे स्वागतच केले पाहिजे. मात्र सातबारावर नाव लागले म्हणून दारात गटार येत नाही, आणि नदीच्या पात्रातले घर उंचावर जात नाही.

नदीचे उदाहरण ताजे आहे. चिखलीला इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेत उभे राहिलेले ३६ बंगले १७ मे २०२५ रोजी पिंपरी-चिंचवड महापालिकेने पाडले. राष्ट्रीय हरित लवादाचा आदेश होता आणि सर्वोच्च न्यायालयात तो टिकला. बंगले बांधण्याची ऐपत असलेल्यांची ही गत झाली. एका गुंठ्यावर पत्र्याची खोली टाकणाऱ्याने काय करावे? तिकडेच देहूरोडच्या दारूगोळा कोठाराभोवती दोन हजार यार्डांचा पट्टा आहे. लोक त्याला रेड झोन म्हणतात. तिथे बांधकामाला बंदी आहे, तरी तिथे वस्त्या आहेत आणि दलालही आहेत. जमीन स्वस्त असते ती उगीच नसते.

मुंबईची गोष्ट थोडी वेगळी. तिथे उपनगर रेल्वेने घडवले. बदलापूरहून दोन तास लटकत जावे लागते हे खरे, पण गाडी असते. पुण्यात लोणावळ्याकडे लोकल आहे, दौंडकडे काही गाड्या आहेत. म्हणून तळेगाव, कामशेत किंवा उरुळी कांचन यांचा विचार आपल्या माणसांनी नगर रस्त्याइतकाच करायला हरकत नाही. अर्थात रेल्वे म्हणजे सर्व काही नव्हे. गिरणी कामगारांना शासनाने मुंबईबाहेर शेलू आणि वांगणी येथे घरे देऊ केली, त्याला कामगारांनी विरोध केला, आणि जुलै २०२५ मध्ये ते आझाद मैदानावर आले. ज्यांच्या घामावर गिरणगाव उभे राहिले त्यांना कर्जतच्या वाटेवर पाठवायचे आणि गिरण्यांच्या जमिनीवर मनोरे उभारायचे, याला गृहनिर्माण म्हणत नाहीत.

जमिनीचा भाव कोण वाढवतो? सार्वजनिक पैशाने रस्ता होतो, धरणातून पाणी येते, कारखाना निघतो, आणि भाव वाढतो. वाढलेला भाव खिशात घालतो तो जमीन धरून बसलेला. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याचा हेतू याला लगाम घालण्याचा होता. १९८३ मध्ये मृणाल गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नागरी निवारा परिषद स्थापन केली, त्या कायद्याच्या आधारे जमिनीसाठी झगडा केला आणि गोरेगावला दिंडोशीत सामान्य माणसांची सहा हजारांहून अधिक घरे उभी राहिली. त्याच मृणालताईंना त्याआधी लोक पाणीवाली बाई म्हणत असत, हे विसरू नका. उपनगरात आधी पाणी, मग घर, हा क्रम त्यांनी अनुभवाने शिकला होता. २००७ मध्ये महाराष्ट्राने तो कायदा गुंडाळला. दिंडोशीसारखे दुसरे उदाहरण त्यानंतर आपल्याला दाखवता येत नाही.

कार्यकर्त्यांनी काय करावे? धोरणाची लढाई चालूच राहील, पण घर बदलणारे कुटुंब तोवर थांबणार नाही. त्याला सांगा, पहिली दोन वर्षे भाड्यानेच राहा. त्या भागाचा एक उन्हाळा आणि एक पावसाळा डोळ्यांनी पाहा. भाड्याचा करार नोंदवून घ्या. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने ती जबाबदारी घरमालकावर टाकली आहे, आणि मुलाला शिक्षणहक्काखाली शाळेत प्रवेश घ्यायचा झाला तर तोच कागद लागतो. रेशनसाठी खर्ड्याचे कार्ड रद्द करण्याची गरज नाही, त्यावर पुण्यातही धान्य मिळते. गुंठा घ्यायचाच झाला तर इसार देण्याआधी सातबारा, अकृषिक आदेश, मंजूर रेखांकन आणि झोनचा दाखला मागा. दलाल म्हणेल, कागद मागाहून होतील. त्याला म्हणावे, मग पैसेही मागाहून.

एक शेवटचे. यातले बरेच व्यवहार पुण्यात ठरतात, पण पैसा इथून जातो. दोन एकर जिरायत विकून एक गुंठा घेतला जातो, आणि गुंठा बुडाला तर परतायला जागा उरत नाही. त्या दोन एकरांवर बहुतेक वेळा आई-वडिलांचे नाव असते आणि त्यांच्या सहीशिवाय ती जमीन विकता येत नाही. म्हणून हे सगळे तरुणांच्या आधी त्या म्हाताऱ्यांना, त्यांच्या ओसरीवर बसून, सावकाश सांगा.