गोडाची ओढ आणि घराची साथ

(रुग्णालयाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत प्रशासकांनी केलेले भाषण)



वर्षाचा जमाखर्च आणि विभागवार अहवाल आपल्या हाती आहेच. त्यातील आकडे पुन्हा वाचून दाखवण्याऐवजी, त्या आकड्यांत न दिसणाऱ्या एका अडचणीकडे आम्ही आज आपले लक्ष वेधू इच्छितो. मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या अनेक रुग्णांना डॉक्टर वजन कमी करण्याचा सल्ला देतात. रुग्ण तो मनापासून स्वीकारतात, पहिले काही आठवडे निष्ठेने पाळतात. आणि मग भात, पाव, बिस्किटे, गोड चहा यांची ओढ अनावर होते. पुढच्या खेपेस वजनकाट्यावर उभे राहण्याची लाज वाटते आणि त्यांतील काही जण तपासणीस येण्याचेच टाळतात. दोन किलो वजन पुन्हा वाढले, यापेक्षा हे येणे थांबणे अधिक घातक आहे. कारण त्याबरोबर रक्ताची तपासणी, पायांची तपासणी आणि औषधेही सुटतात.

अशा वेळी घरातून हमखास ऐकू येणारे वाक्य म्हणजे, "यांचा जिभेवर ताबाच नाही." हा ठपका कितपत न्याय्य आहे? आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. वैद्यकशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. तथापि, आमच्या डॉक्टरांकडून व आहारतज्ज्ञांकडून जे समजून घेतले, ते आपणापुढे ठेवणे हे आमचे कर्तव्य आहे.

1944 - 45 साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात डॉ. अँसेल कीज यांनी 36 धडधाकट तरुणांना, त्यांच्या संमतीने, सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले. हे तरुण स्वेच्छेने आले होते. त्यांच्या निग्रहाविषयी शंका घेण्याचे कारण नव्हते. तरीही त्यांचे मन अहोरात्र अन्नाभोवतीच घोटाळू लागले. काही जण तर पाककृतींची पुस्तके वाचत बसत. अर्धपोटी माणसाला अन्नाचा ध्यास लागणे हा शरीराचा धर्म आहे, तो स्वभावदोष नव्हे. 2011 साली मेलबर्न येथील संशोधकांनी दाखवून दिले, की वजन घटवल्यानंतर भूक वाढवणाऱ्या व तृप्ती देणाऱ्या संप्रेरकांमध्ये झालेला बदल एक वर्षानंतरही टिकून असतो. म्हणजे ज्याने वजन उतरवले, त्याला इतरांपेक्षा अधिक भुकेशी झुंजावे लागते. झोपेचाही यात वाटा आहे. 2004 साली शिकागो येथे 12 निरोगी तरुणांना दोन रात्री केवळ चार चार तास झोपू दिले, तेव्हा त्यांची भूक वाढली आणि विशेषतः गोड, खारट व पिष्टमय पदार्थांची इच्छा बळावली. रात्रपाळी करणाऱ्याला किंवा आजाऱ्याच्या उशाशी जागणाऱ्या माउलीला दुपारी चार वाजता बिस्किटांचा पुडा का आठवतो, याचे उत्तर येथे मिळते.

आता आपल्या ताटाकडे वळू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आहारविषयक निष्कर्ष 2025 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार भारतीयांच्या आहारातील सुमारे 62 टक्के ऊर्जा कर्बोदकांतून, म्हणजे पिष्टमय व गोड पदार्थांतून येते. त्याच पाहणीत असेही आढळले, की कर्बोदकांचे एकूण प्रमाण तसेच ठेवून केवळ तांदळाच्या जागी गहू किंवा भरड धान्याचे पीठ आणल्याने मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसत नाही. मात्र काही कर्बोदकांच्या जागी प्रथिने आली, तर धोका कमी झालेला दिसतो. "भात सोडला आणि दोन चपात्या वाढवल्या" या हिशेबात शिल्लक का पडत नाही, हे यावरून ध्यानात येईल. उपवासाचेही तसेच. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट; "एकादशी अन् दुप्पट खाशी" ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगाच केलेली नाही.

यास्तव आमच्या आहारतज्ज्ञ "भात बंद" असे फर्मान काढत नाहीत. जन्मभर भात जेवलेल्या माणसाला तो एकाएकी वर्ज्य केला, तर त्याची ओढ वाढू शकते. भात अर्धी वाटी राहू द्यावा. मात्र त्याआधी कोशिंबीर, पालेभाजी, मटकीची उसळ किंवा घट्ट वरण, दही, आणि चालत असल्यास अंडे अथवा मासळी पोटात जावी. भाजी व प्रथिने आधी आणि पिष्टमय पदार्थ शेवटी, या क्रमाने जेवल्यास जेवणानंतर साखर कमी चढते, असे 2015 साली न्यूयॉर्क येथील एका छोट्या अभ्यासात मधुमेही रुग्णांमध्ये दिसून आले. सकाळी नुसते पोहे व गोड चहा घेतला, तर अकराच्या सुमारास पुन्हा काहीतरी चघळावेसे वाटते; त्याच पोह्यांचे प्रमाण निम्मे करून सोबत मोड आलेले मूग घेतले, तर दुपारपर्यंतचा वेळ सुसह्य होतो.

एक हिशेब मात्र आम्ही आमच्या अधिकारात मांडतो. पाच माणसांच्या घरात महिन्याच्या किराणा यादीत पाच किलो साखर असेल, तर ती दरडोई दररोज सुमारे 33 ग्रॅम होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2015 च्या शिफारशीनुसार, 2000 कॅलरींचा आहार घेणाऱ्याने मिसळलेली साखर 50 ग्रॅमच्या आत आणि शक्यतो 25 ग्रॅमच्या आत ठेवावी. आपल्या 33 ग्रॅममध्ये बाहेरची बिस्किटे, मिठाई व सरबते धरलेलीच नाहीत. दोन चमचे साखरेचे चार कप चहा म्हणजे सुमारे 40 ग्रॅम साखर आणि 160 कॅलरी. सबब पथ्याची सुरुवात रुग्णाच्या ताटापासून नव्हे, तर किराणा यादीपासून व्हावी.

म्हणून कुटुंबीयांना आमची तीन मागणी आहेत. पहिली, पथ्य एकट्या रुग्णाचे न ठेवता घराचे करावे. सर्वांनी श्रीखंड खायचे आणि एकाने बघत बसायचे, ही शिक्षा आहे, उपचार नव्हे. दुसरी, फरसाण व बिस्किटांचे डबे नजरेसमोर ठेवू नयेत. त्या जागी भाजलेले चणे, शेंगदाणे, ताक असावे. तिसरी, एखाद्या दिवशी पथ्य मोडलेच, तर टोमणा मारू नये. पुढचे जेवण नेहमीप्रमाणे द्यावे आणि तपासणीची तारीख चुकू देऊ नये.

येथे एक इशारा देणे अगत्याचे आहे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय भात-पोळी एकदम कमी करू नये. अशा रुग्णाला अकस्मात कडाडून भूक लागली, घाम फुटला, हात थरथरू लागले, तर ती जिभेची हौस समजून दटावू नका. रक्तातील साखर 70 मिलिग्रॅमच्या खाली गेल्याची ती खूण असू शकते. शुद्धीवर असल्यास तीन चमचे साखर पाण्यातून ताबडतोब द्यावी व 15 मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी. शुद्ध हरपली असल्यास तोंडाने काहीही न देता तत्काळ रुग्णालय गाठावे.

शेवटी देणगीदारांना एक नम्र विनंती. वाढदिवस, पुण्यतिथी, सणवार यांच्या निमित्ताने आपण रुग्णांना बिस्किटे व पेढे वाटता. त्यामागील ममतेचा आम्हाला पूर्ण आदर आहे. परंतु जो रुग्ण मोठ्या कष्टाने मन आवरून बसला आहे, त्याच्या हाती आपण पेढा ठेवला, तर तो नाकारणे त्याला अशक्य होते; दात्याचा अवमान कसा करावा, हा संकोच त्याच्या पथ्यापेक्षा बलवान ठरतो. त्याऐवजी त्या दिवसाची उसळ, दूध, ताक, अंडी किंवा भाजलेले चणे आपल्या नावे द्यावेत. कोणत्या कक्षात काय चालेल, ते आमचा आहार विभाग आनंदाने सांगेल. आपल्या दानाचे मोल त्याने तसूभरही कमी होणार नाही. उलट ते रुग्णाच्या अंगी लागेल.

ज्या रुग्णांनी लाजेपोटी येणे सोडले आहे, त्यांना आपण आमचा निरोप अवश्य द्यावा. वजन वाढले असले तरी यावे. कोणीही रागावणार नाही.