धूलिकणांचे वजन आणि त्यांचा उपद्रव
(वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालयाच्या प्रशासकीय अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



गतवर्षाचा जमाखर्च आपल्या हाती छापील स्वरूपात आहेच. त्याची पुनरुक्ती न करता, बाह्यरुग्ण विभागात नातेवाईक मला वारंवार विचारतात तो एक प्रश्न आज मांडतो. “साहेब, आज हवा समाधानकारक आहे असे मोबाईलवर दिसते, मग आईला धाप का लागते?”

धाप लागण्याची कारणे अनेक. हृदयविकार, रक्तक्षय, तंबाखू, घरातली चूल; त्यांचा निवाडा डॉक्टरांनीच करावा. परंतु प्रश्नाचा पहिला भाग, म्हणजे ‘समाधानकारक’ हा शेरा कशाच्या आधारे मिळतो, हे समजून घेण्यासारखे आहे.

२०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात, हवेची मानके न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत आपले शहर आहे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ येथे हवा मोजते. जुन्या पद्धतीत गाळणकागदातून चोवीस तास हवा ओढतात, कागद आधी व नंतर तोलतात आणि वजनातील फरक म्हणजे धूळ. असे आठवड्यातून दोनदा, वर्षाला १०४ वेळा. वाळूजच्या मोरे चौकासारख्या ठिकाणी स्वयंचलित केंद्र अखंड नोंद घेते. पण धुळीच्या बाबतीत तेही तोलतेच. २.५ मायक्रॉनपर्यंतच्या सूक्ष्म कणांसाठी आपले २००९ चे मानक दर घनमीटरला चोवीस तासांत ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचविलेली पातळी अवघी १५ आहे.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. ताळेबंदातील येणे रकमेचा नुसता आकडा पाहून कोणी समाधान मानीत नाही. त्यात बुडीत किती, हे विचारतो. धुळीचेही तसेच आहे. मराठवाड्याच्या काळ्या मातीची धूळ आणि डिझेलचा धूर तराजूत समान भरतील, फुप्फुसात नाही. वाहनांच्या ब्रेकमधून झिजलेले तांबे व लोह, तसेच ज्वलनातून निर्माण होणारी क्विनोन नावाची संयुगे श्वासनलिकेच्या ओलाव्यात ऑक्सिजनची अतिक्रियाशील रूपे निर्माण करतात. शरीराजवळ त्यांना शमविणारी द्रव्ये असतात, जीवनसत्त्व क हे त्यांपैकीच एक. ती अपुरी पडली की पेशींना इजा होते आणि दाह सुरू होतो.

हा उपद्रव मोजण्याची रीत मोठी सुबोध आहे. कणांचा अर्क जीवनसत्त्व क किंवा डायथायोथ्रिटॉल या रसायनात मिसळायचा आणि ते किती वेगाने संपते ते पाहायचे. झपाट्याने संपले तर कण उपद्रवी. यास ऑक्सिडीकरण क्षमता म्हणतात. युरोपात अशा मापनातून २०२० मध्ये असे प्रसिद्ध झाले की वजनात भर घालणारे स्रोत आणि ही क्षमता वाढविणारे स्रोत एकच नसतात. क्षमतेत लाकडाचे ज्वलन व वाहनांची झीज यांचा वाटा मोठा.

यात एक अडचण आहे. स्वित्झर्लंडमधील बाझल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२५ मध्ये दाखविले की कणांतील अतिक्रियाशील ऑक्सिजन मूलकांपैकी ६० ते ९९ टक्के काही मिनिटांत वा तासांत नाहीशी होतात. गाळणकागद प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत ती उरत नाहीत. दिवसभराची उलाढाल केवळ संध्याकाळच्या गल्ल्यावरून ठरवावी, तसेच हे झाले! म्हणून त्यांनी हवेतील कण थेट द्रवात ओढून तेथल्या तेथे, चकाकणाऱ्या रसायनाच्या साहाय्याने मोजणारे यंत्र घडविले. युरोपीय संघाच्या २०२४ च्या निर्देशात मोठ्या निरीक्षण केंद्रांसाठी ऑक्सिडीकरण क्षमतेचा उल्लेख आला आहे. आपल्या मानकांत बारा घटक आहेत. ही क्षमता त्यांत नाही.

याचा अर्थ वजन मोजणे व्यर्थ, असा कृपया कोणी घेऊ नये. सूक्ष्म धूळ आणि मृत्युदर यांचा संबंध अमेरिकेतील सहा शहरांच्या अभ्यासाने १९९३ मध्ये दाखविला, तो वजनावरूनच.

आता मूळ मुद्दा. एका उदार देणगीदारांनी प्रवेशद्वाराशी हवेचा दर्जा दाखविणारा विद्युत फलक बसवून देण्याची इच्छा दर्शविली आहे. त्यांच्या सद्भावनेबद्दल आम्ही ऋणी आहोत. तथापि असे फलक कणांवरून विखुरणाऱ्या प्रकाशावरून वजनाचा अंदाज देतात. धापेने व्याकूळ रुग्णाने आत येताना वर हिरवा आकडा वाचावा, हे मला रुचत नाही. त्यांच्याच संमतीने मी असे सुचवितो की ही रक्कम आपल्या डिझेल जनित्राची धूरनळी कक्षांच्या गच्चीहून उंच नेण्यासाठी व श्वसनक्षमता तपासणीचे एक यंत्र घेण्यासाठी वापरावी. प्रवेशद्वाराशी थांबलेल्या रिक्षा व रुग्णवाहिकांची इंजिने बंद ठेवण्याचा नियम तर विनाखर्च होईल. छातीच्या रुग्णांच्या केसपेपरवर राहण्याचे ठिकाण, व्यवसाय आणि घरातील इंधन यांची नोंद घेण्यास वैद्यकीय विभागाने अनुमती दिली आहे. उद्या एखाद्या संशोधन संस्थेने शहरात असे मापन केले तर ती नोंद उपयोगी पडेल.

हा प्रस्ताव कार्यक्रमपत्रिकेवर विषय क्रमांक सात म्हणून घेतला आहे. चर्चेसाठी सभेपुढे ठेवतो.