गणवेश बदलण्याआधी



नर्सिंगच्या प्रत्येक तुकडीत अशी एखादी मुलगी असते, जिच्या बॅगेत गणवेशाच्या घडीखाली मेडिकलच्या नीट परीक्षेचं जाडजूड गाइड असतं. सकाळच्या ड्युटीसाठी ती बोरिवलीहून किंवा मुलुंडहून स्लो ट्रेन पकडते, दाराजवळच्या पॅसेजमध्ये उभ्या उभ्या फिजिक्सची चार गणितं सोडवते आणि वॉर्डात शिरताना पुस्तक मिटते. दिवाळीला घरी आलेली मावशी तिला विचारते, "काय गं, मेडिकलला नंबर लागला नाही वाटतं?" मुलगी नुसती हसते. आजचं बोलणं तिच्यासाठी आहे, आणि मावशीसाठीही.

नर्सने डॉक्टर व्हावं का, या प्रश्नाला लंडनच्या एका नर्सने आपल्या आयुष्यानेच उत्तर दिलं. सिसिली सॉन्डर्स हे त्यांचं नाव, जन्म १९१८ चा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्या सेंट थॉमस हॉस्पिटलच्या नाइटिंगेल स्कूलमध्ये नर्सिंग शिकल्या. पाठीच्या दुखण्याने वॉर्डातलं काम सुटलं, तेव्हा त्या वैद्यकीय समाजसेविका झाल्या. डेव्हिड तास्मा नावाचा, पोलंडहून आलेला एक निर्वासित कॅन्सरने मरणाच्या दारात होता. नात्यागोत्याचं जवळ कोणी नाही. सॉन्डर्स त्याच्याशी बोलत बसत. अशा माणसांसाठी एखादी चांगली जागा हवी, हा विचार त्या गप्पांतूनच पुढे आला. १९४८ मध्ये तास्मा गेला. त्या जागेला आपली एक खिडकी असावी म्हणून तो ५०० पौंड मागे ठेवून गेला.

मग सॉन्डर्स संध्याकाळी सेंट ल्यूक्स नावाच्या रुग्णालयात स्वयंसेवक नर्स म्हणून जाऊ लागल्या. शेवटच्या आजारातले रुग्ण तिथे असत. तिथल्या सिस्टर एक गोष्ट वेगळी करत. बाकी ठिकाणी रुग्ण कळवळून मागेल तेव्हा मॉर्फिन मिळे. इथे ते घड्याळ बघून, ठरलेल्या वेळी, वेदनेने पुन्हा डोकं वर काढण्याआधीच दिलं जाई. रुग्ण शुद्धीवर असत, बोलत असत. औषधाचा चार्ट भरणाऱ्या हातांना हे ठाऊक होतं, मोठ्या रुग्णालयांना मात्र त्याचा पत्ता नव्हता.

नॉर्मन बॅरेट या सर्जनने सॉन्डर्सना सांगितलं, की नर्स म्हणून बोललात तर कोणी ऐकणार नाही, डॉक्टर व्हा. हे सांगावं लागलं, याचा खरं तर राग यायला हवा. पण त्या काळात ते वास्तव होतं. १९५१ मध्ये, वयाच्या ३३ व्या वर्षी त्या वैद्यकाच्या पहिल्या वर्गात जाऊन बसल्या आणि १९५७ मध्ये डॉक्टर झाल्या. पुढे सेंट जोसेफ्स हॉस्पिसमध्ये त्यांनी एकेका रुग्णाची नोंद ठेवली आणि सिस्टरांची ती रीत साऱ्या वैद्यकजगाला पटवून दिली. १९६७ मध्ये त्यांचं सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडलं. त्याच वाटेने पुढे १९८६ मध्ये भारतातलं पहिलं हॉस्पिस उभं राहिलं. ते आपल्याच मुंबईच्या उपनगरात आहे, वांद्र्याचं शांती अवेदना सदन.

सॉन्डर्सना मेडिकलकडे नेणारा प्रश्न त्यांना रुग्णाच्या उशाशी सापडला होता. नातेवाइकांच्या टोमण्याने कोणी गणवेश बदलला, तर एमबीबीएसच्या साडेपाच वर्षांतल्या पहिल्याच सेमिनारला पाय लटपटतात.

आता रोकडा हिशोब. भारतात बी.एस्सी. नर्सिंगवरून थेट एमबीबीएसला जाता येत नाही. चार वर्षं शिकलेल्या, नोंदणीकृत नर्सलाही बारावीच्या मुलांबरोबर नीटला बसावं लागतं. ७२० पैकी १८० गुण फिजिक्सचे, आणि लेन्सची सूत्रं एव्हाना धूसर झालेली असतात. बायोलॉजीच्या ३६० गुणांत नर्सिंगचा अभ्यास मानवी शरीराच्या धड्यांना कामी येतो, पण झाडंपानं पुन्हा पाठ करावी लागतात. आर्ट्समधून जीएनएम या नर्सिंग डिप्लोमाला आलेल्यांना आधी बारावीचं सायन्स पास व्हावं लागेल. प्रवेश मिळाला तरी अॅनाटॉमी पहिल्या पानापासून, कसलीही सवलत नाही. साडेचार वर्षं अभ्यास आणि वर्षभर इंटर्नशिप. २२ व्या वर्षी नर्स झालेली मुलगी एक वर्ष तयारीला देऊन पहिल्याच फटक्यात निवडली गेली, तरी २८ वर्षं उलटल्यावर डॉक्टर होते. एवढी वर्षं तिचा पगार घरात येणार नसतो. घाटकोपरच्या दोन खोल्यांच्या घरात हा हिशोब आईवडिलांसमोर, कागदावर आकडे मांडूनच व्हायला हवा.

अधिकार हवा असेल, तर नर्सिंगच्या आतही वाटा आहेत. अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. प्रसूतीसाठी नर्स प्रॅक्टिशनर मिडवाइफचं १८ महिन्यांचं प्रशिक्षण आहे. या वाटांची माहिती फार थोड्या घरांपर्यंत पोहोचते, ही खंत आहे.

आणि निर्णय घेण्याची हिंमत पदवीवर अवलंबून नसते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कामा हॉस्पिटलमध्ये अतिरेकी घुसले, तेव्हा ड्युटीवरच्या सिस्टर अंजली कुलथे यांनी २० गरोदर बायकांना वॉर्डाच्या टोकाच्या छोट्या पँट्रीत हलवलं, दारं लावून घेतली. पुढे त्या अतिरेक्यांतल्या कसाबला ओळखण्यासाठी त्या कोर्टात उभ्या राहिल्या. डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने त्यांचं म्हणणं ऐकलं. त्या तिथे बोलल्या त्या एक नर्स म्हणूनच.

तेव्हा बॅगेत गाइड घेऊन फिरणाऱ्या मुलीने एक करावं. पुढचे तीन महिने एक छोटी वही खिशात ठेवावी. ड्युटीवर ज्या क्षणी हात बांधल्यासारखे वाटले, तो क्षण पुढच्या शिफ्टला ओव्हर देऊन झाल्यावर दोन ओळींत लिहावा. कशाने अडलं? निदान करायचं होतं, शस्त्रक्रिया करायची होती, की फक्त कोणी ऐकून घ्यायला हवं होतं? वही भरेल तेव्हा उत्तर तिच्याच अक्षरात समोर असेल. मेडिकल हेच उत्तर निघालं, तर बेधडक जावं. नीटसाठीची कमाल वयोमर्यादा २०२२ मध्येच काढून टाकली आहे.

मावशींना मात्र हात जोडून विनंती. या दिवाळीला तिला नंबराचं विचारू नका. गेल्या नाइटला वॉर्डात काय झालं, ते विचारा, आणि ती सांगेपर्यंत बसून राहा.