घसा : अन्न व श्वास यांचा चव्हाटा



घनसावंगी तालुक्यातील कुंभार पिंपळगावासारख्या गावी सुगीच्या दिवसांत मुलांचे खिसे क्वचितच रिकामे असतात. कोणाकडे हरभरे, कोणाकडे शेंगदाणे, कोणाकडे चिंचोके. मूल ते तोंडात टाकते, धावते, हसते आणि त्याच वेळी उत्तरही देते. घशाची रचना ज्यास ठाऊक आहे, त्या शिक्षकास हे स्वस्थपणे पाहवणार नाही.

नाक व तोंड यांच्या मागे ग्रसनी नावाची एकच पोकळी आहे. खाली तिला दोन वाटा फुटतात : पुढे स्वरयंत्र व श्वासनलिका, मागे अन्ननलिका. त्यामुळे प्रत्येक घास श्वासाच्या दारावरून जातो. ही योजना सोयीची आहे असे म्हणवत नाही. पहारा मात्र कडक आहे. गिळताना मृदू टाळू पडजिभेसह वर उचलला जाऊन नाकाची वाट बंद होते, स्वरयंत्र वर सरकते, कंठच्छद हे पानासारखे झाकण त्यावर कलते व स्वरतंतू मिटतात. तेवढा वेळ श्वास थांबतो.

मुलांना गळ्यावर पुढून बोट ठेवून आवंढा गिळावयास सांगावे. स्वरयंत्राची हालचाल बोटास कळते. मग लांब ‘स्’ व लांब ‘म्’ म्हणवावे. ‘म्’ म्हणताना स्वरतंतू कंप पावतात, ‘स्’ म्हणताना नाही. व्याकरणातील घोष-अघोष भेद तो हाच.

बोलताना वा हसताना श्वासाचे दार बंद नसते. दाणा आत शिरतो तो अशा वेळी. मूल जोराने खोकत असेल तर खोकू द्यावे. आवाजच फुटत नसेल, श्वास अडला असेल, तर त्यास पुढे वाकवून दोन्ही फऱ्यांच्या मध्ये तळहाताने पाच जोरदार थापा द्याव्यात. तरीही वस्तू न निघाल्यास मागून कवेत घेऊन, बेंबीच्या वर मूठ ठेवून आत व वर असे पाच दाब द्यावेत. वस्तू निघेपर्यंत दोन्ही उपाय आळीपाळीने करावेत. दुसऱ्याने १०८ क्रमांकास कळवावे. न दिसणारी वस्तू बोटाने चाचपू नये; ती अधिक खोल जाते.

कधी ठसका थांबतो, पण दाणा आतच राहतो; बहुधा उजव्या श्वासवाहिनीत, कारण ती अधिक रुंद व सरळ असते. काही दिवसांनी खोकला व ताप येतो आणि घरचे लोक त्यास सर्दी समजतात. वर्गात ठसका लागला होता ही गोष्ट शिक्षकाने त्याच दिवशी पालकांस सांगावी. डॉक्टरांस ती कळली, तर ते दाण्याचा शोध घेतील.