परसातील कोंबड्या : नवी जात कोणती घ्यावी?

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



या व्यासपीठावरून जातीविषयी बोलावयाचे म्हटले म्हणजे श्रोते सावरून बसतात. तथापि आज आम्हांस नेमून दिलेला विषय कोंबड्यांच्या जातींचा आहे, तेव्हा सर्वांनी निर्धास्त असावे. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पशुवैद्यकाचा अभ्यास आमच्यापाशी नाही. परंतु उभा जन्म खेड्यातील शाळेत गेला, घरी परसात कोंबड्या कधी नव्हत्या असे झाले नाही, आणि निवृत्तीनंतर या विषयावरील जे वाचावयास मिळाले ते आम्ही आवडीने वाचले. त्या आधारावर चार शब्द सांगतो.

विषय किरकोळ वाटेल, पण तो तसा नाही. आपल्या ज्ञातीतील कर्ती मंडळी पोटापाण्यासाठी मुंबईस, पुण्यास गेली. कोकणातील घरे उघडी राहिली आहेत ती बहुधा म्हाताऱ्या माउलींमुळे. मनिऑर्डर जाऊन बँकेचे खाते आले, पण ज्या पैशाचा हिशेब कोणास द्यावा लागत नाही असा त्या माउलीचा पैसा म्हणजे अंड्यांचाच. नातवाच्या हातावर ठेवावयाची नोट आणि स्वतःच्या औषधाची गोळी त्यातूनच येते. आपल्या साहाय्य निधीतून एकट्या राहणाऱ्या भगिनींना कोंबड्या द्याव्यात, असा ठराव यंदा सभेपुढे आहे. हेतू उत्तमच आहे. परंतु कोणती कोंबडी द्यावी याचा विचार नीट झाला नाही, तर दिलेले दान त्या माउलीच्या डोक्यावर ओझे होऊन बसेल. म्हणून हा प्रपंच.

नवी जात निवडण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. कोंबडी कशासाठी हवी? ती कोठे राहणार? आणि तिच्याकडे कोण पाहणार? आपल्यापुरती उत्तरे स्पष्ट आहेत. हवी ती अंड्यांसाठी, आणि सणावारी पाहुणा आला तर ताटासाठी. राहणार ती परसात, गडग्याच्या आडोशाने, जेथे वरून घार आणि खालून मुंगूस टपलेले असते. पाहणार ती साठी-सत्तरीची बाई, जिला रात्री उठून विजेचा दिवा सांभाळणे जमणार नाही.

प्रथम आपल्या गावठी कोंबडीचा विचार करू. ती वर्षाकाठी सुमारे ५० ते ६० अंडी देते आणि म्हणून तिला नावे ठेवण्याची रीत पडली आहे. पण तिचे गुण पाहा. तिचा रंग पालापाचोळ्यात मिसळतो. घारीची सावली पडताच ती पिलांना पंखांखाली घेते. आपले अन्न ती बरेचसे स्वतः उकरून मिळविते. आणि सर्वांत मोठा गुण म्हणजे ती खुडूक होते. दहा-बारा अंड्यांवर २१ दिवस बसून ती पिले काढते व वाढविते. हे यंत्र फुकटचे आहे, त्यास वीज लागत नाही, आणि ते बिघडले तर शेजारणीकडून उसने मिळते. अंडी कमी येतात त्याचे एक कारणही हेच, की उबवणी व पिलांची जोपासना यांत तिचे कित्येक आठवडे जातात.

आता सुधारित जातींकडे वळू. हैदराबाद येथील भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या कुक्कुट संशोधन संस्थेने परसातील पालनासाठी ‘वनराज’ आणि ‘ग्रामप्रिया’ हे वाण तयार केले. बंगळूरच्या कृषी विद्यापीठातून ‘गिरिराज’ निघाला. वनराज व गिरिराज अंगाने भारी; मांस व अंडी अशा दोन्ही कामांचे. ग्रामप्रिया मुख्यतः अंड्यांची. परसात तिच्याकडून वर्षाला दीडशेच्या आसपास अंड्यांची अपेक्षा धरता येते. अमेरिकेतून आलेली तांबडी ‘ऱ्होड आयलंड रेड’ ही जुनी, काटक व शांत स्वभावाची जात. तिचे नर गावठी कोंबड्यांत सोडून संकर करण्याचा प्रघात आपल्याकडे जुना आहे.

या सर्वांत एक उणीव समान आहे. अंडी वाढविण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या निवड करताना खुडूक होण्याची वृत्ती मागे पडली. वनराज, गिरिराज वा ग्रामप्रिया यांजकडून उबवणीची आशा धरू नये. शिवाय हे संकरित वाण होत. त्यांच्याच अंड्यांतून त्यांचीच पिले काढली, तर पुढील पिढीत मूळ गुण तितकेसे उतरत नाहीत. म्हणजे परसातील गावठी कोंबड्या मोडून केवळ सुधारित कोंबड्या ठेवल्या, तर दोन-अडीच वर्षांनी त्यांची अंडी आटताच पुन्हा पिलांसाठी उबवणी केंद्राची वाट धरणे आले. एकदा दिलेले साहाय्य दर दोन वर्षांनी द्यावे लागेल. गावठी वाण गावातून एकदा नाहीसा झाला की तो बाजारात विकत मिळत नाही, हे ध्यानी ठेवावे.

पांढऱ्याशुभ्र लेगहॉर्नचे नाव काही तरुण मंडळी घेतात. इटलीकडील या जातीची कोंबडी वर्षाला अडीचशेच्या वर अंडी देते, हे खरे. पण ती पिंजऱ्यात, मापून दिलेल्या समतोल खाद्यावर. परसात तिचा पांढरा रंग घारीला दुरून दिसतो आणि उकिरड्यावरच्या दाण्यांनी तिचे पोट भरत नाही. ती आपल्या कामाची नव्हे.

असील हा आपल्या देशाचा मानाचा पक्षी. उंच, पिळदार, आणि मादी पिलांची उत्तम राखण करणारी. पण अंडी थोडी आणि स्वभाव भांडखोर. दोन असील कोंबडे एका परसात नांदत नाहीत. त्यांच्या झुंजी लावणे हा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

कडकनाथाचा मात्र सविस्तर समाचार घेणे भाग आहे, कारण ठरावावर बोलताना तीन वक्त्यांनी त्याचाच आग्रह धरला. मध्य प्रदेशातील झाबुआ, अलिराजपूर भागांतील भिल्ल व भिलाला बांधवांनी राखलेली ही जात. पिसे, कातडी, मांस, सर्व काळे. अंडे मात्र काळे नसते, फिकट तपकिरी असते. २०१८ साली झाबुआच्या कडकनाथाच्या मांसास भौगोलिक मानांकन मिळाले व त्याची कीर्ती सर्वत्र झाली. पक्षी काटक आहे, यात शंका नाही. परंतु त्याची अंडी वर्षाला शंभराच्या आतच, आणि मादी उबवणीस फारशी बसत नाही. म्हणजे अंड्यांत ग्रामप्रियेहून उणी आणि मातृत्वात गावठीहून उणी. राहता राहिला भाव. भाव गिऱ्हाईक देते, पक्षी नव्हे. २०१९ साली सांगली-कोल्हापूर भागात, पक्षी घ्या, वाढवा, आम्हीच चढ्या दराने परत घेऊ, अशा वचनावर पुष्कळ शेतकऱ्यांनी पैसे गुंतविले. खरेदी थांबली, प्रकरण पोलिसांपर्यंत गेले, आणि दारात उरले खाद्य मागणारे पक्षी. शहरात ठरलेले गिऱ्हाईक असेल त्याने कडकनाथ अवश्य पाळावा. एकट्या माउलीच्या गळ्यात तो बांधू नये.

मानेवर पीस नसलेली कोंबडी आपल्याकडे कुरूप समजतात. ती रोगट नव्हे. तो एका आनुवंशिक गुणाचा परिणाम आहे, आणि पिसे कमी असल्याने तिच्या अंगातील उष्णता लवकर बाहेर पडते. आपल्या दमट उकाड्यात हा गुणच म्हणावयाचा. अशी कोंबडी गावात असल्यास ती हसण्यावारी नेऊन कापू नये, कळपात राखावी.

तर मग निवड कशी करावी? आम्ही मास्तर, हिशेब मांडल्यावाचून आम्हांस चैन पडत नाही. समजा, परसात एक कोंबडा व नऊ गावठी कोंबड्या आहेत. प्रत्येकीची ५५ प्रमाणे वर्षाची अंडी ४९५. आता पाच गावठी ठेवून चार ग्रामप्रिया घातल्या. गावठीची २७५ आणि ग्रामप्रियेची, प्रत्येकी १५० धरून, ६००, एकूण ८७५. म्हणजे ३८० अंडी अधिक. पण जास्त अंडी देणारीस हातचा दाणा जास्त लागतो. चौघींना रोज प्रत्येकी ५० ग्रॅम कणी-भरडा व सोबत शिंपल्यांचा चुरा द्यावा लागला, तर वर्षाला दाणा ७३ किलो. आता ज्याने त्याने आपल्या गावच्या भावाने ३८० अंडी एका पारड्यात आणि ७३ किलो दाणा दुसऱ्या पारड्यात घालून पाहावे. आमच्या गावी अंड्यांचे पारडे जड भरते. ग्रामप्रियेची निवडक अंडी गावठी खुडूक कोंबडीखाली ठेवता येतात. कोंबडा गावठी असला तर पिले मध्यम गुणांची पण काटक निघतात. मात्र गावठीची काही अंडी कोळशाने खूण करून दर खेपेस अवश्य बसवावीत, म्हणजे उबवणाऱ्या कोंबड्यांचा वाण टिकून राहील. यास्तव आमचे मत असे, की परसात निम्म्याहून अधिक कोंबड्या नेहमी गावठीच असाव्यात.

पक्षी कोणत्या वयाचे घ्यावेत? एक दिवसाचे पिलू स्वस्त. पण त्यास पहिल्या आठवड्यात सुमारे ९५ अंश फॅरनहाइट ऊब लागते आणि त्यांत निम्मे नर निघतात. कोकणातील पावसाळ्यात वीज गेली की सकाळी ओंजळभर पिले मेलेली सापडतात. एकट्या बाईस दोन महिन्यांच्या, लस टोचलेल्या तलंगाच द्याव्यात. त्या पशुसंवर्धन खात्याच्या उबवणी केंद्रामार्फत किंवा माहितगार पालकाकडून घ्याव्यात. आठवड्याच्या बाजारातून घेऊ नयेत. आमच्या ओळखीच्या एका घरी मुलाने प्रेमाने बाजारातून चार देखण्या कोंबड्या आणून त्याच संध्याकाळी खुराड्यात सोडल्या. दहा दिवसांत मानमोडी आली आणि नव्या-जुन्या मिळून खुराडे रिकामे झाले. ज्या बाईच्या त्या कोंबड्या होत्या, तिने पुढे पाळल्याच नाहीत.

मानमोडी म्हणजेच राणीखेत रोग. तो जडल्यावर औषध नाही, पण त्यावर लस आहे. पहिल्या आठवड्यात थेंबांची, महिन्याने पुन्हा थेंबांची, आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास टोचावयाची. अडचण एवढीच, की लसीची कुपी शंभर वा अधिक पक्ष्यांची असते, ती बर्फात आणावी लागते, आणि एकदा कालवली की दोन-तीन तासांत संपवावी लागते. सहा कोंबड्यांसाठी ती कोण आणणार? येथेच ज्ञातिसंस्थेचे काम आहे. वाडीतील सर्व घरांचा, मग ती आपल्या ज्ञातीची असोत वा नसोत, एक दिवस ठरवून लस टोचून घ्यावी. रोग ज्ञात विचारून घरात शिरत नाही. २००६ साली नवापूर येथे बर्ड फ्लू आला तेव्हा ज्यांच्या कोंबड्या धडधाकट होत्या त्यांनाही त्या गमवाव्या लागल्या. अकस्मात अनेक पक्षी मेले, तर ते लपवू नयेत, लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. कोंबडे झाकले म्हणून उजाडावयाचे राहत नाही.

नवे पक्षी आणल्यावर तीन आठवडे वेगळे ठेवावेत. दाणापाणी आधी जुन्यांना, मग नव्यांना, भांडी निराळी. त्यानंतर चार दिवस नव्यांना जुन्यांच्या देखत डालग्याखाली ठेवावे, आणि मग रात्री अंधारात दांडीवर बसवून द्यावे. कोंबड्यांत चोचीने ठरणारी वडील-धाकटी असते. नॉर्वेच्या श्येल्डेरूप-एब्बे या संशोधकाने १९२१ च्या सुमारास ती शास्त्रीय रीतीने प्रथम वर्णिली. आपल्या घरोघरच्या सुनांना ती त्यापूर्वीच ठाऊक होती! म्हणून एकटी कोंबडी कधी आणू नये. तिघी-चौघी बरोबरीच्या असल्या म्हणजे टोचणी वाटली जाते.

शेवटी ठरावासंबंधी आमची सूचना. प्रत्येक भगिनीस पाच गावठी कोंबड्या व एक गावठी कोंबडा गावातूनच विकत घेऊन द्यावा, म्हणजे तो पैसाही गावातच राहील. त्याजबरोबर चार ग्रामप्रिया तलंगा द्याव्यात. त्या न मिळाल्यास ऱ्होड आयलंड रेडच्या. वर्षातून दोनदा लसीचा दिवस ठरवावा, म्हणजे मागाहून निघालेली पिलेही त्यात येतील. आणि वर्षअखेर अंड्यांचा हिशेब त्या भगिनीच्या तोंडूनच ऐकावा. संस्थेने दिलेल्या कोंबड्यांपेक्षा तिने आपल्या हाताने काढलेली पिले पुढल्या वर्षी जास्त असतील, तर दान सत्पात्री लागले असे समजावे.