बोटीचे तिकीट आणि बोटीवरचे ताट

बोट म्हणजे काय, हे डोलवीच्या माणसाला सांगावे लागत नाही. गावाच्या अंगाला धरमतरची खाडी आहे. पोलादाच्या कारखान्यासाठी खनिज नि कोळसा घेऊन येणारे बार्ज भरतीची वेळ धरून खाडीतून वर येतात, हे इथली शाळकरी पोरेही पाहत असतात. पण बार्ज पाहणे निराळे, आणि पैसे मोजून बोटीत बसणे निराळे. अलीकडे आमच्या बाजूला एक नवाच प्रश्न कानावर येतो. गृहस्थ कारखान्यातून निवृत्त झालेला असतो. मुलगा ठाण्याला किंवा पुण्याला नोकरीत असतो. तो म्हणतो, "बाबा, आईला घेऊन एकदा क्रूझला जाऊन या. पैशांचे मी पाहतो." बाबांना पैशांचे दुसऱ्याने पाहिलेले आवडत नाही. ते विचारत सुटतात : कोणती बोट परवडते? जेवण कोणत्या बोटीवर चांगले? माणसे कुठली अदबीची?

प्रश्न रास्त आहेत. उत्तरे मात्र बहुधा जाहिरातीच्या चकचकीत कागदावरून दिली जातात, आणि त्या कागदावर सर्वांत महागड्या खोलीचे चित्र असते. मला वाटते, बोटीची पारख उलट्या टोकाकडून करावी. सर्वांत कमी पैसे भरणाऱ्या उतारूला ती काय देते, ते आधी पाहावे. वरच्या मजल्यावर सगळ्याच कंपन्या चांगल्या असतात.

ही कसोटी काही मी शोधून काढलेली नाही. कोकणच्या माणसाने ती आगबोटीच्या डेकवर बसून शिकलेली आहे. मुंबईहून सुटणारी आगबोट रेवसवरून खाडीत शिरे आणि धरमतरला माणसे उतरत. पुढे पेण, महाड, थेट महाबळेश्वरपर्यंतची वाट तिथून फुटे. लांबच्या बोटी हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले असे करीत पणजीला जात. केबिनवाल्याला गादी होती, पंखा होता. डेकवाल्याला काय? सतरंजी अंथरण्यापुरती जागा, तीही आधी ट्रंक टाकील त्याची. जेवण घरून बांधून आणलेले. बोट लागली की लिंबू नाकाशी धरायचे नि डोळे मिटून पडायचे. जिथे धक्का नव्हता तिथे बोट बाहेर खोल पाण्यात उभी राही, आणि म्हातारीकोतारी माणसे, पोरेबाळे, हलणाऱ्या पडावात उतरवून घेतली जात. त्या वेळी खलाशी हात कसा देतो, यावर लोक कंपनीची किंमत करीत. चहा पातळ होता की दाट, हे पुढच्या गावी पोचेपर्यंत विसरले जाई.

भाड्याची स्पर्धाही आपल्या देशाने पुष्कळ पाहिली. १९०६ साली तुतिकोरीनच्या चिदंबरम पिळ्ळे यांनी स्वदेशी आगबोट कंपनी काढली, तेव्हा तिला बुडवण्यासाठी इंग्रज कंपनीने भाडे उतरवत उतरवत शेवटी फुकट नेण्याची तयारी केली, वर छत्री भेट देऊ केली! उतारूला त्या दिवशी मौज वाटली असेल. पण स्वदेशी कंपनी बसल्यावर छत्र्या वाटायचे कारण उरत नाही, हे सांगायला नको. आमच्या किनाऱ्यावरही बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनी आणि देशी कंपन्या यांच्यात अशी चढाओढ चाले.

आणि स्वस्ताईच्या हिशेबात एक तारीख आमच्या बाजूला कोणी विसरू नये. १७ जुलै १९४७. आषाढी अमावास्येचा दिवस. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. पावसाळी समुद्र, बोटीत खचाखच गर्दी, एका लाटेसरशी माणसे एका बाजूला झाली. कोळ्यांच्या होड्यांनी हाती लागतील तेवढ्यांना ओढून काढले. त्या दिवशीचे तिकीट स्वस्त होते की महाग, हा प्रश्नच कोणाच्या तोंडी येणार नाही. बोटीत माणसे किती घेतली, आणि तेवढ्यांना पुरतील एवढी तरंगणारी साधने होती का, एवढाच प्रश्न उरतो.

हे जुने झाले असे कोणी म्हणेल. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या लाँचवर नौदलाची वेगाने जाणारी बोट आदळली, आणि डझनाहून अधिक माणसे प्राणाला मुकली. आदळली ती दुसरी बोट, हे खरे. परंतु चौऱ्याऐंशी उतारूंचा परवाना असलेल्या त्या लाँचवर शंभराहून अधिक माणसे होती. त्यानंतर गेटवेच्या लाँचवर प्राणरक्षक जॅकेट अंगात घालण्याचा आग्रह होऊ लागला. उकडते म्हणून ते काढून मांडीवर घेणारी मंडळी तरीही दिसतात. त्याला काय म्हणावे!

आता आपल्या नेहमीच्या बोटींकडे वळू. डोलवीहून वडखळ, पोयनाड, अलिबाग करीत मांडव्याला गेले की तिथून मुंबईच्या दोन तऱ्हा आहेत. एक गेटवेची लाँच. पीएनपी, मालदार, अजंठा अशा कंपन्यांच्या या बोटी साधारण तासाभरात पोचवतात. अलिबाग ते मांडवा बसचे पैसे तिकिटातच धरलेले असतात. ही सोय मला फार शहाणपणाची वाटते, कारण नुसत्या बोटीचे भाडे कमी नि पुढे रिक्षावाल्याशी घासाघीस, यात उतारूचे काहीच वाचत नाही. कोणाची बोट थंड हवेची, कोणाची उघडी, एवढाच भेद असतो. मला विचाराल तर तासाभरासाठी काचेआड बसायला जास्त पैसे देऊ नयेत. वारा फुकट आहे.

दुसरी तऱ्हा भाऊच्या धक्क्याच्या रो-रो बोटीची. ती १५ मार्च २०२० पासून सुरू झाली. मोटारगाडी पोटात घेते, बोट मोठी आणि म्हणून हलते कमी. ज्यांना बोट लागते त्यांनी हीच धरावी. गेटवेच्या लाँच पावसाळ्यात बंद राहतात, तेव्हाही हवामान बरे असेल तर ही चालू असते. खायला चहा, वडा, सँडविच असे मिळते. ते जेवण नव्हे, आणि तशी अपेक्षाही ठेवू नये. रेवसची साधी लाँच या दोन्हींपेक्षा स्वस्त. चाकरमानी नि भाजीवाल्या बायका तिच्याने जातात. तिथे सेवा म्हणजे वेळेवर सुटणे.

मधल्या काळात मुंबई-गोवा मार्गावर पुष्कळ प्रयोग झाले. १९७० च्या दशकात मोगल लाइनच्या 'कोकण सेवक' नि 'कोकण शक्ती' होत्या. पुढे दमानियांची वेगवान कॅटमरान आली, तीही थांबली. मग ऑक्टोबर २०१८ मध्ये 'आंग्रिया' आली. नाव कान्होजी आंग्ऱ्यांचे, म्हणून आमच्या कुलाब्याला तिचे विशेष कौतुक. तिच्यावर एका माणसाच्या बिछान्यापासून जोडप्याच्या खोलीपर्यंत वेगवेगळे दर होते, आणि संध्याकाळी मुंबई सोडून सकाळी गोवा दिसे. २०२० च्या साथीत तीही बंद पडली. रात्रभराच्या प्रवासाला रेल्वेच्या कितीतरी पट पैसे देणारी माणसे रोज मिळणे सोपे नसते.

आता त्या मोठ्या क्रूझ बोटी. मुंबईहून सप्टेंबर २०२१ मध्ये कॉर्डेलिया कंपनीची 'एम्प्रेस' सुरू झाली. गोवा, कोची, लक्षद्वीप अशा तिच्या फेऱ्या निघाल्या. जहाज १९९० सालचे, फ्रान्समध्ये बांधलेले, पूर्वी अमेरिकन कंपनीकडे होते. खोल्या लहान आहेत. सामान पलंगाखाली सारल्यावाचून दोघांना वळता येत नाही. पण देशातल्या देशात जायचे तर पासपोर्ट लागत नाही, सरकारी ओळखपत्र पुरते. जेवण आपल्या वळणाचे, शाकाहारी आणि जैन पंगतीची सोय निराळी. ज्यांना परक्या मुलखात इंग्रजीत मीठ मागायचा संकोच वाटतो, त्यांना यावर बरे वाटेल.

सिंगापूरपर्यंत विमानाने जाऊन तिथून बोट धरणारेही पुष्कळ. तिथली 'गेंटिंग ड्रीम' बोट भारतीय उतारूंना चांगली ओळखते, डाळभात-भाजी तिथे शोधत हिंडावे लागत नाही. रॉयल कॅरिबियनच्या बोटी त्याहून अवाढव्य, नाटके, बर्फावरची घसरगाणी, पोहण्याचे तलाव असा सारा थाट. तिथेही भारतीय पदार्थ मिळतात, पण मुख्य ताट त्यांचे. नातवंडे बरोबर असतील तर ती जास्त आवडेल. दोघेच म्हातारा-म्हातारी असाल, तर ज्या तलावात तुम्ही उतरणार नाही त्याचे पैसे का भरावे?

पैशांचे म्हणाल तर खरी मेख पुढे आहे. जाहिरातीतला आकडा म्हणजे खोलीचा आकडा. त्यावर बंदराचा आकार चढतो, कर चढतो. परदेशी बोटींवर नोकरमाणसांच्या बक्षिसीसाठी दर माणशी, दर दिवशी ठराविक रक्कम, बहुतेकदा डॉलरांत, आपोआप हिशेबात धरली जाते. चार वेळचे खाणे तिकिटात असते, पण बाटलीतले पेय, मद्य, इंटरनेट, धुलाई, काही खास हॉटेले आणि बंदरावर उतरून गावे पाहण्याची सहल हे सगळे वेगळे. म्हणून दोन कंपन्यांची तुलना करताना पहिल्या पानावरचे आकडे शेजारी ठेवू नका. बोटीवरून परत उतरताना हाती पडणाऱ्या बिलाचे आकडे शेजारी ठेवा. एजंटाला सरळ विचारावे, "आम्ही दोघांनी जेवणाखेरीज काहीही घेतले नाही, तर घरी येईपर्यंत एकूण किती?" जो याचे लेखी उत्तर देईल त्याच्याकडे पैसे भरावे.

आता सर्वांत स्वस्त उतारूची कसोटी या बोटींना लावून पाहू. इथे मला या बोटींचे कौतुक वाटते. जुन्या आगबोटीवर डेकवाला आणि केबिनवाला यांची ताटे वेगळी होती. या बोटींवर खिडकी नसलेल्या आतल्या खोलीतला माणूस आणि गच्चीवाल्या खोलीतला माणूस बहुधा एकाच भोजनगृहात, एकाच कढईतले खातात. नाटक तेच, डेक तेच. शिवाय जहाजाच्या मध्यावरची, खालच्या मजल्यावरची खोली सर्वांत कमी हलते, आणि बहुधा तीच स्वस्तही असते. म्हणजे ज्याला बोट लागते त्याने कमी पैशांत जास्त सुख घ्यावे, अशी ही दुर्मिळ सोय आहे. गच्चीची हौस असेल तर जरूर घ्या, पण मग दिवसभर खाली जेवणाच्या रांगेत नि बाजारात हिंडू नका. गच्चीत बसा.

आमच्या शेजारच्या एका काकूंनी विचारले, "अहो, पण तिथे तांदळाची भाकरी नि ताज्या बोंबलाचे कालवण मिळेल का?" नाही मिळणार. हजारांवर माणसांचा स्वयंपाक एका वेळी करायचा तर चव मधोमधची ठेवावी लागते. तिखट कोणालाच पुरत नाही आणि कोणालाच भाजत नाही. काकूंना मी सांगितले की मांडून ठेवलेल्या पदार्थांपैकी पहिल्या दिवशी सगळे थोडेथोडे चाखावे, आणि दुसऱ्या दिवसापासून आवडले तेवढेच घ्यावे. पैसे भरलेत म्हणून ताट उंच रचणारी माणसे पाहिली की वाईट वाटते. त्या ताटांतले अर्धे परत जाते.

सेवेविषयी एकच सांगतो. बोट सुटण्यापूर्वी भोंगा वाजतो, सगळ्यांना ठरल्या जागी बोलावतात आणि संकटात काय करायचे ते दाखवतात. पुष्कळ मंडळी तेवढ्या वेळात खोलीत बॅग उघडत बसतात. १९१२ साली 'टायटॅनिक'वर मेजवान्या उत्तम होत्या, पण बावीसशेहून अधिक माणसांसाठी जीवनौकांत जागा होत्या अकराशे अठ्ठ्याहत्तर. त्यानंतर १९१४ साली समुद्रातील सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार झाला. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्याजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकावर गेली. त्या दिवशी चढलेल्या उतारूंची कवायत अजून व्हायची होती. बत्तीस माणसे दगावली, आणि तेव्हापासून कवायत सुटण्यापूर्वीच घेण्याचा नियम आला. जो खलासी तुम्हाला हसतमुखाने सरबत देतो तोच त्या वेळी तुमच्या जॅकेटचा पट्टा आवळून पाहतो का, हे बघा. वाढपी म्हणून तो कसा आहे, हे तुम्हाला आपोआप कळेलच.

डोलवीहून निघणाऱ्यांसाठी शेवटचे. पावसाळ्याच्या महिन्यांतली मुंबईची फेरी स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. दिवाळीनंतर समुद्र शांत असतो. दिवाळीची आणि नाताळची सुट्टी टाळली तर दरही उतरलेले असतात. घरचे शिजवलेले अन्न बोटीवर नेऊ देत नाहीत. औषधे मात्र डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत ठेवावी, मोठी बॅग खोलीत पोचायला संध्याकाळ होते. आणि मांडव्यावरून जाणार असाल तर सकाळची बोट धरा. क्रूझचे दरवाजे सुटण्याच्या बरेच आधी बंद होतात. दुपारच्या लाँचवर भिस्त ठेवून बॅलार्ड पियरला पोचलात आणि बोट धक्का सोडून गेलेली दिसली, तर तिकिटाचे पैसे बहुधा परत मिळत नाहीत.